एकाच्या मागे दहा, एकाच्या बाजूला एक

लोणी काळभोरच्या शिवारातून खडकवासल्याचे पाणी घेऊन कालवा पुढे जातो. त्याच्या काठच्या एखाद्या बाभळीवर शिक्रा येऊन बसला, की पुढची पाच मिनिटे पाहण्यासारखी असतात. आधी कोतवाल झेपावतो. मग बुलबुल ओरडू लागतात, साळुंक्या येतात, कावळे येतात. शिक्र्याच्या एका पंजात मावेल एवढा बुलबुलाचा जीव. पण सगळे मिळून डोक्यावरून अशा घिरट्या घालतात आणि असा गलका करतात, की त्या शिकारी पक्ष्याला जागा सोडावी लागते. दुबळ्यांनी एकत्र येऊन बलवानाला हुसकावण्याची ही रीत पक्ष्यांच्या कितीतरी जातींत आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९६३ साली आक्रमकतेवर लिहिलेल्या पुस्तकात तिचा विचार केला. पुढे १९७३ साली प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले.

लोरेंझ यांचे हे निरीक्षण स्वीडनमधल्या एका डॉक्टरच्या हाती पडले आणि त्याला वेगळीच दिशा मिळाली. पेटर-पाउल हायनेमान हे त्या डॉक्टरांचे नाव. मुलांची टोळी एकाच मुलावर तुटून पडते तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना छळत होता. गलका तोच, घिरट्या त्याच, एकाने सुरुवात केली की बाकीच्यांनी सामील होणेही तेच. पण मधोमध शिक्रा नव्हता. मधोमध त्यांच्यातलाच एक बुलबुल होता. १९७२ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले, आणि स्वीडनमध्ये शाळांकडे पाहण्याची दृष्टीच बदलू लागली.

त्यानंतर हाइन्झ लेमान आले. जर्मनीत जन्मलेले आणि स्वीडनमध्ये स्थायिक झालेले हे मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात कामाच्या ठिकाणी आजारी पडलेल्या माणसांचा अभ्यास करू लागले. सहकाऱ्यांना किंवा साहेबांना नकोशी झालेली, हळूहळू कोपऱ्यात ढकलली गेलेली, शेवटी नोकरीतून आणि कधी कधी आयुष्यातूनच उठलेली माणसे. या माणसांच्या हकिगती वेगवेगळ्या होत्या, तरी त्यांचा सांगाडा एकच निघाला. लेमान यांनी त्रास देण्याच्या ४५ कृतींची यादी केली. यातली एखादी कृती आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने होत राहिली, तर त्याला त्यांनी छळ मानले.

ती यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण तिच्यात राक्षसी असे फारसे काही नाही. बोलणे मध्येच तोडणे. नमस्काराला उत्तर न देणे. आपण खोलीत आलो की सगळ्यांनी गप्प होणे. कामच न देणे, किंवा लायकीपेक्षा हलके काम देणे. चालण्याची, बोलण्याची नक्कल करणे. मराठी कचेरीत यात आपली भर सहज घालता येईल: एकाच माणसाचा सुटीचा अर्ज अडकणे, त्यालाच सलग नाइट लागणे, मीटिंगचा निरोप त्याच्यापर्यंतच न पोहोचणे, जेवणाच्या डब्याभोवतीच्या कोंडाळ्यात त्याच्यासाठी कोणीही न सरकणे. यातली कोणतीही एक गोष्ट घेऊन कोणाकडे गेलात तर उत्तर ठरलेले असते: एवढ्याशा गोष्टीचे काय मनाला लावून घेता! लेमान यांचे मोठेपण इथे आहे. एक घटना छोटी असते, पण सहा महिन्यांच्या सव्वीस आठवड्यांत सव्वीस घटनांची रांग लागली की त्या रांगेलाच एक आकार येतो, हे त्यांनी दाखवले. १९९३ साली स्वीडनने कामाच्या ठिकाणच्या अशा छळाविरुद्ध नियमावली काढली. जगातल्या अगदी पहिल्या अशा नियमांत ती मोडते.

हे सगळे लोणी काळभोरच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालेल्या माणसाला इथे किती तऱ्हांची कामाची ठिकाणे एकापाठोपाठ दिसतात! तिन्ही सरकारी तेल कंपन्यांचे डेपो आणि त्यांच्या दाराशी टँकरच्या रांगा. राज कपूर यांच्या राजबागेत उभे राहिलेले विद्यापीठ. मोठे रुग्णालय, मंगल कार्यालये, गोदामे. पुढे सोरतापवाडी-उरुळीकडे फुलांच्या नर्सऱ्या. बाजूला थेऊरला बंद पडलेला साखर कारखाना, ज्याच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांची चर्चा वर्षानुवर्षे चालली. कायम नोकरीवरचा अधिकारी, कंत्राटी हेल्पर, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, नर्स, टँकरचा क्लीनर, रोपांना पाणी घालणारी बाई, सगळे या एकाच पट्ट्यात. कामाच्या ठिकाणी माणूस माणसाला का छळतो आणि ते कसे थांबते, हा प्रश्न इथे जवळजवळ प्रत्येक घराचा आहे.

प्रथम शरीराचे पाहू, कारण या विषयातला सर्वांत चकित करणारा शोध तिथे आहे.

किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसे खेळत असलेली प्लास्टिकची चकती त्यांच्या पाठीवर येऊन आदळली. त्यांनी ती परत फेकली. त्या दोघांनी ती पुन्हा त्यांच्याकडे फेकली, आणि काही मिनिटे तिघांचा खेळ रंगला. मग एकही शब्द न बोलता त्या दोघांनी त्यांच्याकडे चकती टाकणे बंद केले. विल्यम्स यांना स्वतःचेच नवल वाटले: ज्यांचे नावही माहीत नाही अशा माणसांनी वगळले तर एवढे का लागावे? त्यातून त्यांनी संगणकावरचा एक साधा चेंडूचा खेळ बनवला. पडद्यावर तीन आकृत्या, एक तुम्ही. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो, मग येईनासा होतो. एवढेच. हजारो लोकांनी हा खेळ खेळला आणि वगळले गेल्यावर त्यांचे मन खाली गेले. त्याहून थक्क करणारे पुढेच आहे. समोर माणसे नाहीत, निव्वळ संगणक चेंडू फेकतो आहे, असे आधी सांगून ठेवले तरीही लोकांना लागले.

२००३ साली नाओमी आयझेनबर्गर यांनी हाच खेळ मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात माणसांना झोपवून खेळायला दिला. वगळले जाताच मेंदूच्या मध्यभागी, पुढच्या बाजूचा जो पट्टा सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या वेळीही जागा होतो. त्या पट्ट्याची कामे अनेक असल्यामुळे अपमान आणि चटका मेंदूला अगदी एकच वाटतात, असे म्हणणे धाडसाचे ठरेल, आणि त्यावर शास्त्रज्ञांत वादही आहे. पण कळपात राहून जगलेल्या प्राण्याला कळपाबाहेर पडणे जखमेइतकेच धोक्याचे होते, आणि शरीराने त्या धोक्याची घंटा वेदनेच्या यंत्रणेशी जोडून घेतली असावी, हा तर्क मला फार सुंदर वाटतो. महाराष्ट्राला हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते. वाळीत टाकलेल्या घराची विहीर, किराणा, लग्नकार्य, मयत सगळे कसे तुटते, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. म्हणूनच सामाजिक बहिष्काराला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा आधुनिक भारतात आधी महाराष्ट्राने केला. २०१६ साली तो विधिमंडळात मंजूर झाला, २०१७ मध्ये अमलात आला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याचा रोख जातपंचायतींवर आहे, कचेऱ्यांवर नाही. पण डब्याच्या कोंडाळ्यात ज्याच्यासाठी कोणी सरकत नाही, त्याच्या पोटात तेच कालवते.

आता एकट्या माणसावरून पूर्ण खोलीकडे या. छळ फक्त ज्याचा होतो त्याचे नुकसान करतो, असा आपला समज असतो. इस्राएलमध्ये अरीह रिस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तो समज मुळापासून उखडतो. नवजात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सच्या २४ तुकड्यांना सरावासाठी एक प्रसंग दिला: कमी दिवसांचे बाळ, पोटाचा गंभीर आजार, प्रकृती झपाट्याने ढासळते आहे. काही तुकड्यांसमोर परदेशातला तज्ज्ञ म्हणून आलेल्या माणसाने त्यांच्या देशातल्या वैद्यकीय सेवेबद्दल तुच्छतेचे चार शब्द उच्चारले. कोणाचे नाव घेतले नाही, आवाज चढवला नाही. तेवढ्याने त्या तुकड्यांचे निदानही घसरले आणि हातचे कामही घसरले. कारण शोधले तेव्हा दिसले, की ही माणसे एकमेकांना माहिती कमी देत होती आणि मदत कमी मागत होती. चार टोचरे शब्द आणि बाळाचा जीव यांच्यामधले अंतर एवढे कमी आहे!

एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या वॉर्डांत याच्या उलट बाजूचे दर्शन घडले होते. १९९० च्या दशकात त्या पाहत होत्या, की चांगल्या तुकड्यांकडून औषधांच्या चुका कमी होतात का. आकडे हाती आले तर चांगल्या तुकड्यांच्या नावावर चुका जास्त! थोडे खोदल्यावर उलगडा झाला. त्या तुकड्यांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. जिथे प्रमुख परिचारिका अंगावर येत होती तिथे चुका पोटात घातल्या जात होत्या. पेट्रोलचे टँकर भरणाऱ्या गावात या शोधाचे मोल वेगळे सांगायला नको. कुठे झिरपते आहे, कुठे अर्थिंगची तार नीट लागलेली नाही, हे सर्वांत आधी दिसते ते खालच्या माणसाला. त्याने तोंड उघडावे असे वाटत असेल, तर काल त्याने तोंड उघडले तेव्हा काय झाले, यावर सगळे अवलंबून असते.

साहेब कडक असणे म्हणजे छळ नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. वरिष्ठाने कामावरून केलेल्या कानउघाडणीला हेतुपुरस्सर अपमानाचा फौजदारी गुन्हा म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका प्रकरणात सांगितले, आणि ते मला योग्य वाटते. चुकलेला हिशेब परत करायला लावणारा, उशिरा आल्याबद्दल सगळ्यांना सारखे बोलणारा साहेब त्रासदायक असेल, पण त्याच्या बोलण्यातून काम सुधारते आणि ते बोलणे कामापाशी संपते. छळ माणसाशी चिकटतो. काम बरोबर केले तरी तो थांबत नाही, हीच त्याची ओळख.

या दोहोंच्या मधोमध एक धूसर पट्टा आहे आणि पुण्याने तो फार जवळून पाहिला. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय सल्लागार कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या तरुण चार्टर्ड अकाउंटंटचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाचे न संपणारे ओझे, अवेळी सोपवलेली कामे, आणि मुलीच्या अंत्यविधीला कार्यालयातून कोणीही न येणे, हे सगळे त्या आईने लिहिले होते. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केले नाही. पण त्या पत्राने एक प्रश्न घराघरांत नेला: ओझे लादणाऱ्याच्या मनात वैर नसेल, तरी ओझ्याखालच्या माणसाचा श्वास कोणी मोजायचा?

हा प्रश्न मराठी कामगाराने फार पूर्वी विचारला आहे. मुंबईच्या गिरण्यांत माणूस लागायचा तो मुकादमाच्या हाताने. कामावर घेणारा तो, काढणारा तो, खाड्यावर बदली लावणारा तो, आणि त्यासाठी दस्तुरी खाणाराही तोच. बायकांच्या खात्यात नायकीण असे. मुकादमाची मर्जी गेली की माणूस गिरणीच्या फाटकातून आत जात नसे. १९३१ साली ब्रिटिश सरकारच्या रॉयल कमिशनने या मुकादमी सत्तेवर नेमके बोट ठेवले. पण त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, सप्टेंबर १८८४ मध्ये, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन एक निवेदन तयार केले होते. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय? आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, काम करताना अपंग झालेल्याला भरपाई. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषण केले. १८९० मध्ये! त्या दोघी सभेनंतर पुन्हा त्याच नायकिणीच्या हाताखाली कामाला गेल्या असतील, हे मनात आले की त्यांच्या धैर्याची उंची कळते. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. मुकादमाच्या मनमानीवर उपाय म्हणून लोखंड्यांनी मुकादमाचा स्वभाव सुधारायला घेतला नाही. त्यांनी वेळ, सुटी आणि पगार या गोष्टी मुकादमाच्या मर्जीतून काढून नियमात घालण्याचा आग्रह धरला. छळ रोखण्याचे याहून मूलभूत तत्त्व मला अजून कुठे सापडलेले नाही: जिथे मर्जी कमी, तिथे छळाला जागा कमी.

तेच तत्त्व महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात उतरले. कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या आणि अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांनी काय करू नये याची यादी आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणे, आणि व्यवस्थापनाच्या धोरणाचे नाव पुढे करून द्वेषाने बदली करणे, या दोन्ही गोष्टी तिथे लिहिलेल्या आहेत. द्वेषाची बदली काय असते हे कचेरीत पाच वर्षे काढलेल्या कोणालाही विचारा. स्वीडनच्या नियमावलीच्या बावीस वर्षे आधी तिला आपल्या राज्याने अनुचित म्हटले होते.

आणि त्याहूनही जुनी एक व्यवस्था लोणीच्या शेजारच्या वाटेवर अजून चालू आहे. आषाढीच्या वारीत हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामाला येते, माउलींची दिवेघाट चढून सासवडला जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात तळावरची समाजआरती आहे. दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला जातो, आणि चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तो आवाज कोणालाही चुकवता येत नाही. चोपदार चालत त्या दिंडीकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, मार्ग काढतात, मग तो टाळ थांबतो आणि आरती होते.

यातला प्रत्येक तपशील आजच्या कंपन्यांच्या तक्रार समित्यांनी अभ्यासावा असा आहे. गाऱ्हाणे एकट्या वारकऱ्याचे न राहता दिंडीचे होते, म्हणजे बोलणारा उघडा पडत नाही. ते सर्वांच्या कानावर जाते, म्हणून दाबता येत नाही. तक्रार करणारा अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर ताटकळत नाही, अधिकार असलेला माणूस त्याच्याकडे चालत येतो. आणि ते ऐकल्याशिवाय दिवस संपत नाही. रोजच्या रोज! सहा महिन्यांची रांग लागायला इथे वावच नाही.

आजच्या कायद्यात यातले किती आहे? संपूर्ण नाही. कामाच्या ठिकाणच्या सर्व प्रकारच्या छळाला एकत्र कवेत घेणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २१ जून २०१९ रोजी कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार संमत केला, फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळाचा कायदा केला, आणि २०१९ मध्ये तिथल्या दूरसंचार कंपनीच्या माजी प्रमुखालाच कर्मचाऱ्यांच्या पद्धतशीर छळाबद्दल दोषी ठरवले. आपल्याकडे दारे वेगवेगळी आहेत. लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा: दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. नर्सरीत काम करणाऱ्या बाईलाही हे दुसरे दार उघडे आहे आणि ते तिला कोणीतरी सांगायला हवे. जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. धमकी दिली तर भारतीय न्याय संहिता आणि पोलीस ठाणे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सदस्य समान असावे लागतात. व्यवस्थापक पदावरच्या माणसाला हे दार मात्र नाही.

दार कोणतेही असो, आत नेण्याची शिदोरी एकच: लिहिलेली नोंद. तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले नेमके शब्द, आणि तिथे कोण कोण होते. त्याच दिवशी, स्वतःच्या वहीत. 'साहेब नेहमी अपमान करतात' या वाक्याला कोणीही वाकवू शकतो. पण अमुक तारखेला सव्वाअकरा वाजता अमुक जणांसमोर अमुक शब्द, अशा वीस ओळी असल्या की लेमान यांनी पाहिलेला तो आकार समितीलाही दिसतो. तोंडी दिलेला विचित्र हुकूम ईमेलने परत लिहून विचारावा: आपण आज सांगितल्याप्रमाणे मी हे काम करतो आहे, बरोबर ना? अर्ज द्यावा तर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्यावी. रागाच्या भरात राजीनामा टाकू नये, कारण बहुतेक छळणाऱ्यांना तोच कागद हवा असतो. आणि झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते, त्याला पैसे पडत नाहीत. नोकरीचे नंतर पाहता येते.

पण एवढे सगळे त्या एकट्यानेच करायचे का? माझा खरा आग्रह इथे आहे. छळाच्या खोलीत तिसरे माणूस जवळजवळ नेहमी असते, आणि आपण त्याचा विचारच करत नाही.

१९६८ साली न्यूयॉर्कमध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एका खोलीत विद्यार्थ्यांना फॉर्म भरायला बसवून भिंतीच्या फटीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितले. शेजारी दोन माणसे आधीच पढवून ढिम्म बसवली, तेव्हा सांगायला उठणारे उरले १० टक्के. खोलीत धूर, डोळे चुरचुरत आहेत, आणि माणूस फॉर्म भरतो आहे! ती मुले भित्री नव्हती. शेजारचे शांत आहेत म्हणजे काही विशेष नसेल, असा अर्थ ती लावत होती, आणि आपल्या शांततेतून दुसऱ्यालाही तोच अर्थ पुरवत होती. साहेब एकाला सगळ्यांदेखत झापतो आणि दहा माणसे संगणकाच्या पडद्यात तोंड खुपसतात, तेव्हा हेच घडते.

याची दुसरी बाजू सोलोमन ॲश यांनी त्याआधीच दाखवली होती. त्यांच्या प्रयोगात इतर सगळे जण मुद्दाम एकमुखाने चुकीचे उत्तर द्यायचे: कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. तरी माणसे एकतृतीयांशाहून अधिक वेळा डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांच्या चुकीत सामील होत. मग ॲश यांनी त्या गर्दीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक माणूस ठेवला. गर्दी तेवढीच, दबाव तोच. चुकीत सामील होणे आधीच्या जवळजवळ एकचतुर्थांशावर आले. दहा विरुद्ध एक हे असह्य असते. दहा विरुद्ध दोन हे वेगळेच जग आहे.

हा दुसरा माणूस होण्यासाठी साहेबाशी भांडावे लागत नाही. मीटिंग संपल्यावर त्याच्या टेबलाजवळ जाऊन म्हणावे, मी पाहिले, ते बरोबर नव्हते. जेवायला बोलवावे. त्याच्या वहीतल्या नोंदीखाली 'मी हजर होतो' एवढे लिहून सही करावी. विद्यापीठातल्या कायम प्राध्यापकाने तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यासाठी, वरिष्ठ नर्सने नव्या मुलीसाठी, कायम कामगाराने कंत्राटीसाठी हे केले तर त्याचे मोल अधिक, कारण ज्याची नोकरी पक्की त्याच्या सहीला जास्त वजन असते आणि धोका कमी.

एवढ्याने पूर्ण जागेचे वारे बदलते का, असे कोणी विचारले तर मी केनियातल्या बबून माकडांची गोष्ट सांगतो. रॉबर्ट सापोल्स्की १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या टोळ्यांचा अभ्यास करत होते. बबूनच्या टोळीत वरचढ नर खालच्यांना अक्षरशः छळतात, विनाकारण चावतात, आणि खालच्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके सतत चढलेली असतात. १९८० च्या दशकाच्या मध्याला एका टोळीतले सर्वांत आक्रमक नर पर्यटकांच्या निवासाच्या उकिरड्यावर खायला जाऊ लागले. तिथल्या मांसातून क्षयरोग आला आणि टोळीतले जवळपास निम्मे नर, नेमके दांडगे, मरून गेले. उरले ते सौम्य नर आणि माद्या. टोळी शांत झाली, यात नवल नाही. खरे नवल दहा वर्षांनी दिसले. बबून नर वयात आला की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातो, त्यामुळे १९९३ पर्यंत त्या टोळीतला एकही जुना नर राहिला नव्हता. सगळे बाहेरून आलेले, दांडगाईच्या टोळ्यांत वाढलेले. तरी टोळी शांतच होती. वरचढ नर खालच्यांना कमी छळत होते, आणि खालच्यांच्या रक्तात ताणाची ती खूण दिसत नव्हती. २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आलेला प्रत्येक नर इथली रीत शिकत होता, आणि ती शिकायला त्याला काही महिनेच लागत होते.

लोणीच्या पट्ट्यात दर जून-जुलैला नवी माणसे कामावर रुजू होतात. त्यांना पहिल्या दिवशी ओळखपत्र मिळते, हजेरीचे यंत्र दाखवले जाते, कधी सुरक्षेचे भाषण होते. त्याच दिवशी त्यांना सांगावे, की इथे त्रास झाला तर कोणाकडे जायचे, अर्जाची पोच कुठे मिळते, आणि मागे एकदा असे झाले तेव्हा काय केले. आणि हे साहेबाने सांगू नये. त्याच कामावरच्या जुन्या हाताने, चहाच्या वेळी शेजारी बसून सांगावे. बबूनच्या त्या टोळीत नव्या नराशी माद्यांचे वागणे इतर टोळ्यांपेक्षा वेगळे होते: तो आल्यावर थोड्याच दिवसांत त्या त्याच्याजवळ जाऊन बसत आणि त्याचे केस साफ करू लागत.